चार रवे, वर सात किलो

घरचा काटा एकशेवीसला अडतो
आणि मग नुसता थरथरत राहतो,
म्हणून शाहूपुरीत गेलो, गुळाच्या अडतीवर.
संपतराव चौगुल्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही.
रवे उतरवले, मला चढवलं,
आणि आत हिशेबनिसाला हाक दिली :
"चार रवे, वर सात किलो!"
त्यानं सवयीनं वहीत लिहूनही घेतलं.

होडी घ्यायची आहे.
एका पात्याच्या वल्ह्याची, गुडघ्यावर बसून हाकायची.
वीजघराचं पाणी सुटलं की भोगावती
फेजिवड्याखाली खडकांवर पांढरी होते,
तिथं उतरेल अशी.

पहिली लाल, कोलाडहून टेम्पोतून आलेली.
आणणारा पोरगा म्हणाला, "काका, नाचते नुसती."
राजाराम बंधाऱ्यामागं, साचल्या पाण्यात
मी तिच्यात बसलो
आणि ती माझ्याखाली बसली.
काठ पाण्यावर दोन बोटं उरला.
शेजारून एक म्हैस पोहत गेली.
तेवढ्यानं भरली.

दुसरी लांबलचक, रुंद, दिवाणासारखी.
हलेना, डुलेना,
वळायचं तर अर्ज करा,
आणि मंजुरी येईपर्यंत खडक आलेला.

खरं तर सवय आहे मला.
लग्नात मी दोन खुर्च्या एकात एक घालून बसतो,
एसटीत खिडकीकडं सरकतो आणि शेजारच्याची माफी मागतो.
तालमीत हेच वजन दुधाबदामानं वाढवलं होतं.
वस्ताद मांडीवर थाप मारून
पाहुण्यांना दाखवायचे.

आणि त्या पुरात, चिखलीत,
रबरी बोट आली तेव्हा जवान हळू आवाजात म्हणाला,
"काका, तुम्ही पुढच्या फेरीत."
बरोबरच होतं त्याचं.
माझ्या जागेत तिघं गेली, एक बाळंतीण.
मी पत्र्यावर बसून राहिलो चार तास.
पत्रा करकरत होता.
हे मी घरी सांगितलेलं नाही.

उद्यमनगरात इलाही मुल्लाणी
फायबरच्या टाक्या करतो, बागेतली हरणं करतो.
त्यानं माझं वजन ऐकलं आणि सोडून दिलं.
टेप काढून कंबर मोजली, मांडी मोजली,
मग पाऊल, बारा नंबरचं,
आणि तिथंच थांबला.
"बैठक चार बोटं वर घेऊया, पैलवान.
उलटला तर पाय सुटाय नको?
वजनाचं काय नसतंय.
ते कुठं ठेवताय, त्याचं हाय."

दीड महिना रेझिनचा वास.
पोट खोल केलं, काठ उंच,
दोन्ही टोकं अशी उचलली
जशी तव्यावर फुगताना भाकरीची कड उचलते.
पुढंमागं हवेच्या पिशव्या,
म्हणजे पाणी आत शिरलं तरी त्याला जागा नको.
मी आत गुडघे टेकले,
आणि तीस वर्षांनी आठवलं,
एक गुडघा मातीत, धड थोडं पुढं,
मागून कोण ओढतंय याची वाट बघणं.
गुडघा आता कटकन वाजतो, एवढंच.

तरी इलाहीला खात्री हवी होती.
संपतरावांकडून चार रवे मागवले,
सात किलोचं वजन काट्यावरनंच उचललं,
सगळं बैठकीभोवती रचलं
आणि होडी पाण्यात ढकलली.
काठ पाण्यावर नऊ बोटं.
मग रवे काढले, मी बसलो.
इलाहीनं ओणवं होऊन बोटं लावली. नऊ.
"गूळ आणि तुम्ही, नदीला सारखंच," म्हणाला,
आणि चहा सांगायला गेला.

मी उगाच बसून राहिलो त्याच्यामागं.
वल्हं मांडीवर आडवं.
हललो तर हलत होती,
थांबलो की थांबत होती,
कुणाची माफी मागायची नव्हती.

उद्या पहाटे फेजिवडं.
होडी रात्री अंगणात पालथी ठेवली.
बॅटरी मारून बघितलं तर
गुळाच्या वासानं मुंग्यांची एक रांग
काठावरून आत चाललेली,
बैठकीखाली, अगदी मधोमध.
झटकणार होतो.
पण त्यांनी जागा बरोबर निवडली होती.